तटाच्या आतले गाव

(द्वितीय वर्ष कला, इतिहास विषयाची विद्यार्थिनी)

भोर आणि वेल्हे भागातल्या माणसाला किल्ला म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे सकाळी दार उघडले की राजगड किंवा तोरणा समोर उभा असतो. भोरच्या पेठेत उभे राहिले तर दक्षिणेला रोहिडा दिसतो. परंतु आम्ही ओळखतो तो किल्ला डोंगरावरचा. वर जावे, पाण्याची टाकी पाहावी, वाड्यांची जोती पाहावी, पद्मावतीच्या देवळात घटकाभर टेकावे आणि अंधाराच्या आत खाली यावे. तिथे संसार नाही, चूल नाही, पोरांचा गलका नाही. त्यामुळे किल्ला म्हणजे पूर्वी माणसे राहत होती ती जागा, अशीच आमची समजूत लहानपणापासून होऊन बसते.

समुद्रकाठी मात्र किल्ल्याची एक निराळी जात आढळते. तिथे तटाच्या आत सबंध गाव नांदते. पोस्ट आहे, शाळा आहे, बाजार आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि त्या सगळ्याभोवती चारशे-साडेचारशे वर्षांची भिंत आहे. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील रेवदंडा हे असे गाव. आमच्या इतिहास विभागाची सहल तेथे गेली होती. त्या निमित्ताने जे पाहिले व नंतर ग्रंथालयात बसून जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. हे केवळ सहलीचे वर्णन व्हावे अशी इच्छा नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतील एक राजगड, म्हणजे आपल्या उंबऱ्यातला. आता दुरुस्ती, सुशोभीकरण, पर्यटन हे शब्द आपल्या खोऱ्यांत वरचेवर ऐकू येणार. अशा वेळी जिथे तट आणि माणूस शेजारी राहतात, ते गाव आपण नीट पाहून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम वाटेविषयी थोडेसे. अलिबागहून रेवदंडा सुमारे १७ किलोमीटर, आणि एस.टी. थेट गावात जाते. भोरहून जायचे तर वरंधा घाट उतरून महाड, तेथून माणगाव, रोहा असे खाडीच्या कडेने जाता येते. पावसाळ्यात वरंधा घाट पुष्कळदा बंद असतो, तेव्हा पुण्यावरून बोरघाटाने जाणे शहाणपणाचे. आपल्याला हा प्रवास दूरचा वाटतो. परंतु आपल्या आज्या-पणज्यांना कोकण इतके परके नव्हते. केळदच्या मढे घाटाने आणि आजूबाजूच्या वाटांनी डोक्यावर तांदूळ किंवा हिरडा घेऊन माणसे खाली महाड-बिरवाडीकडे उतरत आणि मीठ, सुकट, बोंबील घेऊन वर येत, असे आमची आजी सांगे. समुद्रावरचा माल घाटाने देशावर चढे आणि देशावरचे धान्य, कापड बंदरात उतरे. आपल्या पायवाटा आणि कोकणची बंदरे ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती.

त्या बंदरांमध्ये चौल हे फार पुरातन. ग्रीक आणि अरब लेखकांनी निरनिराळ्या नावांनी त्याचा उल्लेख केला आहे. अल् मसूदी हा अरब लेखक दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आला होता. रशियन व्यापारी अफनासी निकितिन इ. स. १४६९ च्या सुमारास हिंदुस्थानात पोहोचला तो चौललाच, म्हणजे वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी. त्याचे स्मारक आज रेवदंड्यात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात गामाला एक प्रकरण मिळते आणि निकितिनला एक ओळही मिळत नाही, याचे तेथे उभे राहिल्यावर नवल वाटते.

चौल आणि रेवदंडा यांचा संबंध समजून घेतल्याशिवाय पुढचे उलगडत नाही. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तर तीरावर ही दोन्ही गावे आहेत. आतल्या बाजूचे जुने चौल अहमदनगरच्या निजामशाहीच्या ताब्यात होते. अगदी मुखाशी, समुद्राला लागून, पोर्तुगीजांनी आपले ठाणे वसवले. तेच आजचे रेवदंडा. नदीच्या पलीकडे, दक्षिणेला, समुद्रात शिरलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. ज्याच्या हाती ही दोन टोके, त्याच्या हाती खाडीत येणारे प्रत्येक गलबत.

हे ठाणे सहजासहजी मिळालेले नाही. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी आरमारी लढाई झाली. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला इजिप्तचे आरमार व त्यांच्या मदतीला दीवचा मलिक अयाज. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५२१ मध्ये निजामशहाकडून किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली आणि १५२४ पर्यंत तो उभा राहिला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने या ठाण्याला वेढा घातला. त्याच सुमारास आदिलशहाने गोव्याला वेढा दिला होता. दोन्ही वेढे फसले. परंतु शत्रू इतका जवळ येऊन गेल्यावर नुसता कोट पुरेसा नाही, हे पोर्तुगीजांनी ओळखले, आणि सबंध वस्तीभोवती तट घालण्याचे काम जोमाने झाले. आपल्याकडे डोंगराचा कडाच अर्धा तट असतो. सपाट किनाऱ्यावर ती सोय नाही. म्हणून तिथे शहराचा आकार तोच किल्ल्याचा आकार झाला.

या तटाच्या आत पोर्तुगीजांचे एक छोटे शहरच होते. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन, जेझुइट अशा निरनिराळ्या ख्रिस्ती संघांची चर्चे व मठ होते. वखारी होत्या, कोठी होती. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी वेढा घातला, पण ठाणे हाती आले नाही. अखेर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांचे बळ संपले. १७४० च्या तहान्वये चौलचे ठाणे व कोर्लई मराठ्यांकडे आली. रेवदंड्याचा तट असा शेवटी कागदावरच्या सहीने पडला, तोफेने नव्हे.

मग हे शहर इतके शांत कसे झाले? ही शांतता कोणी ठरवून आणलेली नाही. मुंबई बेट १६६१ च्या विवाह-करारान्वये इंग्रजांच्या वाट्याला आले, आणि पुढे कंपनीने तेथे व्यापाऱ्यांना व कारागिरांना आश्रय दिला. मुंबईचे बंदर खोल, इकडे चौलच्या खाडीत गाळ साचत चाललेला. व्यापारी गेले, त्यांच्यामागून विणकर गेले. व्यापार नाही तर वखार कशाला, आणि वखार नाही तर पहारा कशाला? १८७६ मध्ये गेर्सोन द कुन्या या विद्वानाने चौल आणि वसई यांच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हाही ही मोठ्या शहराची जागा पडीकच होती. परंतु जमीन पडीक राहिली नाही, ही येथली खरी गोष्ट आहे. मठांच्या अंगणात माड लागले. वखारींच्या जागी विहिरी खोदल्या गेल्या. ज्यांना शहरात कधी स्थान नव्हते अशा माणसांनी त्या शहराची वाडी केली.

आज आपण एस.टी.ने जातो तेव्हा रस्ता तटातूनच आत शिरतो. दरवाजावर कोरलेले पोर्तुगीज राजचिन्ह झाडोऱ्यातूनही ओळखू येते. आत गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती सावली. दोन्ही बाजूंना माड आणि पोफळी, मधून अरुंद गल्ल्या. या भागात वस्तीच्या विभागाला पाखाडी म्हणतात. वाडीच्या गडग्यापलीकडे अचानक एखादी कमान दिसते, एखाद्या चर्चची छपराविना भिंत दिसते आणि तिला टेकून कोणीतरी झावळ्या वाळत घातलेल्या असतात. सर्वांत उंच उभा आहे तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. लोक त्याला सातखणी म्हणतात, कारण मूळचे मजले सात होते. आज त्यातले चार उरले आहेत. सेंट फ्रान्सिस झेवियर येथे येऊन गेल्याची आठवण सांगणारे लहान प्रार्थनामंदिरही अवशेषांत आहे. गावात बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग आहे, देवळे आहेत, मशिदी आहेत. ओहोटी असेल तर समुद्राच्या बाजूने वाळूवरून तटाच्या कडेकडेने चालता येते. भरतीला लाटा तटाच्या पायापर्यंत येतात.

एका वाडीत पाणी पिण्यासाठी आम्ही मुली थांबलो. त्या घरच्या काकूंनी आम्हांला बसायला चटई घातली. "कुठून आल्यात गो पोरी?" म्हणाल्या. भोरकडून म्हटल्यावर, "म्हणजे घाटावरच्या," असे म्हणून त्यांनी हसून शहाळी फोडायला सांगितली. घराची मागची भिंत तटापासून काही हातांवर होती. मी विचारले, "काकू, एवढा मोठा तट पाठीशी आहे, बरे वाटत असेल?" त्या म्हणाल्या, "वाऱ्याला बरा. पण पोराचं लगीन झालं, एक खोली वाढवायची म्हटली तर कागद करून करून दमलो. तट पडला तर बघायला माणसं येतात. आमचं कौल पडलं तर आमचं आम्हीच बघतो."

या एका वाक्यामागे कायदा आहे, तो समजून घेतला पाहिजे. रेवदंड्याचे अवशेष केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत मोडतात. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये जे बांधायचे ते परवानगीनेच. हा कायदा अन्यायासाठी केलेला नाही. तो नसता तर सातखणीला खेटून चार मजली हॉटेले उभी राहिली असती, यात शंका नाही. परंतु माळरानावरच्या एकाकी देवळासाठी आखलेली रेघ गावाच्या मधोमध आखली की ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर १०० मीटरमध्ये दगड आणि गवत असते. रेवदंड्यात १०० मीटरमध्ये लग्न झालेला मुलगा असतो.

आता दुरुस्तीविषयी. आपण बोलताना डागडुजी, जीर्णोद्धार आणि पुनर्बांधणी हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ती तीन वेगळी कामे आहेत. डागडुजी म्हणजे आहे ते पडू न देणे. पुनर्बांधणी म्हणजे पडलेले नव्याने उभे करणे. आणि जीर्णोद्धार या शब्दाखाली आपल्या गावोगावी जे चालते ते बहुधा तिसरेच असते: जुने सागवानी खांबांचे देऊळ उतरवायचे, स्लॅब टाकायचा, फरशी बसवायची आणि ऑइलपेंट द्यायचा. त्यात भक्ती खरी असते, वर्गणी खरी असते, मात्र उद्धार झालेले देऊळच शिल्लक राहत नाही.

जुन्या भिंतीला सिमेंट का चालत नाही, हेही सोप्या शब्दांत सांगता येईल. जुने बांधकाम चुन्यात केलेले असते. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत; चुना आणि वाळू बैलाच्या घाणीत मळून घेत. असा चुना घट्ट धरतो, पण ओलावा अडवून ठेवत नाही. पावसात भिंत भिजते आणि उन्हात हळूहळू वाळते. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले की ओलाव्याची वाट बंद होते. मग पाणी दगडातूनच बाहेर पडू पाहते. समुद्रकाठी त्या पाण्यात मीठ असते. पाणी उडून जाते, मिठाचे खडे दगडाच्या आत राहतात, फुगतात, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे वरून भिंत मजबूत दिसते आणि आतून दगड मरतो. दुसरा शत्रू वड-पिंपळ. पक्ष्याने टाकलेले बी फटीत रुजते आणि वीस-पंचवीस वर्षांत मूळ जाड होऊन भिंत उकलते. वरून झाड तोडले तरी मूळ पुन्हा फुटते. ते समूळ मारावे लागते, आणि तेही भिंत न हलवता. म्हणून डागडुजी हे एकदा करून उद्घाटन करण्याचे काम नव्हे. ते घर शाकारण्यासारखे दरवर्षीचे काम आहे. आणि दरवर्षीचे काम तोच करतो जो तिथे राहतो.

इतर ठिकाणी काय झाले ते पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी नावाचे गाव आहे. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी तेथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे तंजावरला भोसल्यांचे राज्य आले, आणि सरफोजी राजांना शिकवणारे श्वार्ट्झ हे धर्मोपदेशक मूळ याच गावी उतरले होते. त्यामुळे मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. १८४५ मध्ये ते इंग्रजांना विकले गेले आणि रेवदंड्यासारखेच निवांत झाले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने त्याची मोठी हानी केली. एकविसाव्या शतकात तेथील किल्ल्याची व जुन्या इमारतींची दुरुस्ती झाली. त्यात डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाचाही हात होता. गल्ल्या स्वच्छ झाल्या, इमारतींना पुन्हा रंग आला, काहींत पाहुण्यांची उतरण्याची सोय झाली. इमारती वाचल्या ही मोठीच गोष्ट.

दुसरे उदाहरण पणजीच्या फोंतेन्यास वस्तीचे. तिला तट नाही, पण जुनी रंगीत घरे आहेत आणि त्यांत माणसे पिढ्यानपिढ्या राहतात. तिथे दुरुस्ती झाली ती घरमालकांच्या हातून, म्हणून ती टिकली. परंतु पुढे पाहुणे इतके आले की खिडकीत, दारात, पायरीवर छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागली, आणि रहिवाशांना छायाचित्रे काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या. जे पाहायला माणसे आली ती शांतता त्यांच्या येण्यानेच गेली. दुरुस्ती करताना भिंतीचा विचार जसा होतो, तसा भिंतीआडच्या माणसाचा झाला नाही, तर असे होते.

आणि जे दुरुस्तीशिवाय टिकले असे एक उदाहरण रेवदंड्यासमोरच आहे. खाडीच्या पुलावरून पलीकडे साळाव, आणि तेथून जवळच कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. त्यांच्या घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही बोलली जाते. ते तिला 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले. त्यानंतर या बोलीला राजाश्रय नाही, शाळा नाही. तरीही आईने मुलाला हाक मारली आणि मुलाने ओ दिली, एवढ्यावर ती पावणेतीनशेहून अधिक वर्षे चालत आली. सातखणीचे तीन मजले पडले. बोली उभी राहिली.

हे सारे पाहून आल्यावर आपल्या गावांकडे पाहावेसे वाटते. भोरचा पंतसचिवांचा राजवाडा १८६९ मधला. चित्रपटांमुळे तो महाराष्ट्रभर पाहिला गेला आहे. पण तो कोणाचा, कधीचा, असे विचारले तर आपल्यापैकीच किती जणांना सांगता येईल? भाटघर धरणाच्या पाण्यात गेलेले कांबरे येथील कांबरेश्वराचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, तेव्हा लोक दर्शनाला जातात. आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांत कित्येक घरांना कुलपे आहेत. तरणी पोरे पुण्याला कारखान्यांत, म्हातारी माणसे मागे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. वडील म्हणतात, शिकून शहरात जा. त्यांचे म्हणणे खोटे नाही. गावात काम नसेल तर राहायचे कशाच्या जोरावर?

म्हणूनच राजगडाचा प्रश्न केवळ तटबंदीचा नाही. संजीवनी माचीचा चिलखती तट चुन्यात नीट बांधला जाईल, जावाच. परंतु गुंजवण्याच्या, पालीच्या, वाजेघरच्या घरांत त्या कामाची मजुरी जाईल का, तिथली पोरे चुना मळायला व दर्जा भरायला शिकतील का, येणाऱ्या पाहुण्याला भाकरी त्यांच्या चुलीवरची मिळेल का, हे प्रश्न आजच विचारले पाहिजेत. गड राहिला आणि पायथ्याचे गाव उठले, तर गडाची वाट दाखवणार कोण? पद्मावतीच्या देवळात दिवा लावणार कोण?

आपल्यापैकी कोणी रेवदंड्याला जाणार असेल तर थोड्या सूचना. हिवाळ्यात जावे. भरती-ओहोटीची वेळ गावात विचारून घ्यावी. वाडीत विचारल्याशिवाय शिरू नये, कारण ती कोणाची तरी परसदारची जागा आहे. भिंतीवर नाव कोरू नये, हे सांगणे नको. आणि मुख्य म्हणजे नुसती कमान पाहून परतू नये. कमानीखाली जो राहतो त्याच्याशी दोन शब्द बोलावे, त्याचे घर कसे चालले आहे ते विचारावे. तेच आपल्या राजगडाच्या पायथ्यालाही करता येईल. सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या एका वृद्ध माणसाकडून घाटवाटा, बाजार, देऊळ, धरणाआधीचे गाव यांची माहिती वहीत उतरवून आणली, तरी आपल्या महाविद्यालयात दोन तालुक्यांचा एक चांगला संग्रह तयार होईल. माझ्या आजीकडून मी मढे घाटाच्या वाटेवरची विसाव्याची ठिकाणे लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत सात झाली आहेत.